कपाटातले खेळ कुणाला द्यावेत?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही टिळकवाडीत राहतो. आमचे हे आधी बेंगळूरला नोकरीला होते. तिथं दर शनिवारी मित्र जमायचे, टेबलावर खेळ मांडायचे आणि सोबत पिणं चालायचं. हळूहळू खेळ मागं पडला आणि पिणं तेवढं राहिलं. आम्ही बेळगावला परत आलो तोवर ते रोजचं झालं होतं. मागच्या वर्षी ते व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. आज चौदा महिने झाले, थेंबभरही घेतलेली नाही. आता उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हिशेबाचं काम बघतात.

घरी भिंतीतल्या कपाटात खेळांची वीसेक खोकी आहेत. कॅरम, बुद्धिबळ, कॅटन, तिकीट टू राइड, पँडेमिक, स्क्रॅबल, व्यापार, जेंगा, ऊनो, पत्त्यांचे कॅट, चिप्सवाला पोकरचा सेट, आणि मित्रांनी वाढदिवसाला दिलेला एक लुडो, ज्यात सोंगट्यांच्या जागी काचेचे छोटे ग्लास आहेत. चौदा महिन्यांत ते कपाट कुणी उघडलेलं नाही. दसऱ्याच्या साफसफाईआधी हे सगळं व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावं असं मनात आहे. पण ते घेतील का? मोठ्या माणसांना पोराबाळांचे खेळ दिले असं त्यांना वाटेल का? आणि यांना मी अजून विचारलेलं नाही. जुनं काही डोक्यात यायला नको, अशी भीती वाटते.

एक वाचक, टिळकवाडी

उत्तर

तुमचा बेत चांगला आहे आणि तो पार पडावा असं मला मनापासून वाटतं. फक्त सगळी खोकी एका रिक्षात घालून कुणाच्या दारात नेऊन ठेवू नका. त्यातली काही तिथं फार कामाला येतील, काही तिथं अजिबात जाऊ नयेत, आणि एखाद-दुसरं कदाचित तुमच्याच घरात राहायला हवं. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे. पण बाकीचं आधी सांगते, म्हणजे तुम्ही त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा हाताशी माहिती असेल.

दारू सोडण्याचा विषय निघाला की बहुतेकांना ए.ए. आठवतं, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, स्वतः दारूतून बाहेर पडू बघणाऱ्या दोघांच्या भेटीतून ते सुरू झालं. तिथं तुमची देणगी घेणार नाहीत. त्यांच्या बारा परंपरांपैकी सातवी सांगते की प्रत्येक गटानं आपला खर्च आपल्याच सभासदांच्या वर्गणीतून भागवावा आणि बाहेरून काही घेऊ नये. चहाचा खर्चसुद्धा ते आपसात भागवतात. त्यामुळे तिथून नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. कुणाच्या उपकाराखाली न येता टिकून राहायचं हा त्यांचा निग्रह आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शिवाय त्यांची सभा तास-दीड तासाची. खेळ मांडायला तिथं वेळच नसतो.

आपल्या भागात कर्नाटकातल्या धर्मस्थळ देवस्थानाच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरंही, म्हणजे दारू सोडवण्याची शिबिरं, होतात. गावातल्या एखाद्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात आठेक दिवस माणसं एकत्र राहतात, मग शिबिर संपतं आणि जागा रिकामी होते. अशा ठिकाणी खोकी ठेवायची कुठं? पण शिबिरातून गेलेल्यांची नंतर गावोगावी नवजीवन समिती असते, ती मंडळी ठरावीक दिवशी भेटत राहतात. एखाद्या गावात त्यांना बसायला कायमची खोली असेल तर तुमचा कॅरम तिथं शोभेल.

तुमच्या खोक्यांची खरी जागा म्हणजे निवासी केंद्र, जिथं माणूस महिना-दोन महिने मुक्कामाला असतो. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रं आहेत, ट्रस्टची आहेत, खासगीही आहेत. जवळचं कुठलं ते विचारायला 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. मात्र दान देण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. जिथं माणसांना कोंडून ठेवतात, मारतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, अशा जागेला काहीही देऊ नये. कॅरमचा बोर्ड दिवाणखान्यात शोभेला मांडून ती जागा बरी दिसावी, यात तुमचा हातभार नको. डॉक्टर कोण आहेत, समुपदेशक रोज असतात का, नातेवाइकांच्या भेटीचे दिवस कुठले, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आता मोठ्या माणसांना पोरांचे खेळ दिल्याचा प्रश्न. तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी डोकावून बघा. चाळिशी-पन्नाशीचे गडी कॅरमभोवती बसलेले असतात आणि क्वीनवर कव्हर कोण घेतो यावरून आवाज चढलेला असतो. त्यांना कुणी पोरकट म्हणत नाही. खेळ मोठ्या माणसाचा असतोच. पिण्याच्या काळात तो हातातून सुटलेला असतो इतकंच.

केंद्रातल्या दिवसाचा विचार करा. सकाळी प्रार्थना, योगासनं, गटचर्चा, दुपारी समुपदेशन, असा दिवस बांधलेला असतो. संध्याकाळी सहानंतर मात्र वेळ सरता सरत नाही. हीच ती वेळ, जेव्हा वर्षानुवर्षं पाय दुकानाकडे वळलेले असतात. शरीराला सवय झालेली असते, आणि रिकाम्या हातांना काय करावं कळत नाही. ए.ए.च्या लोकांत एक खूण सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार गोष्टींपासून सांभाळा, त्यातलं काहीही माणसाला परत बाटलीकडे नेऊ शकतं. चांगला खेळ या चारांतल्या एकटेपणावर थेट इलाज करतो. समोरच्याशी आपल्या दुखण्याबद्दल बोलायची ताकद अजून आलेली नसते, पण ‘तुझी पाळी’ एवढं तर म्हणता येतं. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठी माणसाला हे ऐकून ठाऊक आहे की व्यसनमुक्ती म्हणजे नुसती गोळी-इंजेक्शन नव्हे, माणसाचा दिवसच्या दिवस नव्यानं बांधावा लागतो. तुमची खोकी त्या बांधणीतला एक तुकडा आहेत, म्हणून ती निवडून द्या असं मी आग्रहानं सांगते.

निवडताना एक गोष्ट आपल्या भागाची म्हणून लक्षात ठेवा. एकाच वॉर्डात खानापूरचा मराठी शेतकरी असतो, गोकाकचा कन्नड कामगार असतो, निपाणीचा दोन्ही भाषा बोलणारा असतो, आणि एखाद्याला अक्षरओळखही नसते. म्हणून ज्यात वाचावं लागत नाही तो खेळ आधी. कॅरम सगळ्यात वर. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक क्वीन, नियम सगळ्यांना पाठ, चौघं एका वेळी, बाकीचे भोवती उभे राहून बघतात तेही खेळातच असतात. मग बुद्धिबळ. साधा लुडो, तुमचा तो काचेचा नव्हे. स्क्रॅबल इंग्रजी अक्षरांचं आहे, ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या शाळेला द्या. केंद्रात ते इंग्रजी येणाऱ्या दोघा-तिघांचं होईल आणि बाकीचे लाजून बाजूला बसतील. ज्याला आयुष्यानं आधीच पुरेसं लाजवलं आहे, त्याच्यापुढे तसलं खोकं ठेवायचं कशाला?

कॅटन आणि तिकीट टू राइड द्यायला हरकत नाही, पण शिकवणारं कुणी असेल तरच. कॅटन 1995 सालचा जर्मन खेळ. त्यात मेंढ्या, वीट, गहू यांची देवाणघेवाण करावी लागते, म्हणजे तोंड उघडून समोरच्याकडे मागावं लागतं. आणि खेळ संपेपर्यंत कुणी बाद होत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मूळ खोक्यात चौघांपर्यंतच खेळता येतो, तेवढं केंद्राला सांगा. पँडेमिक तर सगळ्यांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचा. हरले तर सगळे हरतात, जिंकले तर सगळे जिंकतात. कल्पना छान आहे, पण त्याच्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर आहे आणि विषय साथीच्या रोगाचा. 2020-21 मध्ये घरातलं माणूस गमावून मग दारूत बुडालेले लोक तिथं असू शकतात. समुपदेशकाला विचारल्याशिवाय तो देऊ नका.

व्यापार मी देणार नाही. त्यातले पैसे खोटे असले तरी कर्ज, गहाण, दिवाळं हे सगळं खरं वाटायला लागतं. केंद्रात आलेल्या कित्येकांच्या डोक्यावर हातउसने पैसे असतात, सावकार असतो, बायकोचं गंठण गहाण असतं. दोन तास खेळून सगळ्यांसमोर भिकेला लागण्यात त्यांना कसली करमणूक? जेंगाचंही तसंच, कारण मात्र वेगळं. दारू थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, कुणाकुणाला नंतरही काही काळ कापरं असतं. मनोरा पाडायचा खेळ तेव्हा हातात दिला तर ते थरथरणं चारचौघांत उघडं पडतं. जुने, सावरलेले लोक खेळतील. द्यायचाच असेल तर तेवढं सांगून द्या. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत लक्षही फार वेळ टिकत नाही आणि झोप उडालेली असते, म्हणून वीस मिनिटांत संपणारे खेळ जास्त असावेत. तुमच्याकडचा ऊनो त्यात बसतो, फक्त तो दिसायला पत्त्यांसारखा असल्यानं काही केंद्रांना चालत नाही.

पत्ते आणि पोकर मुळीच नको. आपल्याकडे पत्ते मांडले की पैसा आलाच. जत्रेच्या मागच्या बाजूला, दिवाळीच्या रात्री, तीन पत्ती आणि बाटली एकाच सतरंजीवर असतात. आणि जुगार ही नुसती वाईट खोड समजायचे दिवसही गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली आपल्या निदान-पुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी नेऊन ठेवला. एक सुटलं की दुसरं धरलं असं होऊ शकतं, म्हणून केंद्रं पत्त्यांबाबत कडक असतात. गंमत म्हणून आधी काडेपेटीच्या काड्या लावतात, मग चहा, मग घरून आलेली बिस्किटं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत उधारी सुरू होते. पोकरच्या चिप्स बघून ज्याच्या पोटात ओढ उठते असा एक जण जरी तिथं असला तरी ते खोकं तिथं नको. काचेच्या ग्लासांच्या लुडोबद्दल तुम्हाला सांगायला नको. तो कुणालाच देऊ नका, भंगारवाल्यालाही नको. काच वेगळी गुंडाळा आणि कचरागाडीत टाका.

द्यायची खोकी एकेक करून उघडा, आणि नीट बघा. पत्रात तुम्हीच लिहिलंय की खेळ आणि पिणं एकत्र चालायचं. म्हणजे एखाद्या खोक्यात बाटलीचं ओपनर निघेल, बारचं बिल निघेल, बिअर सांडून चिकटलेली पुठ्ठ्याची पानं निघतील. ज्या खोक्याला वास आहे किंवा डाग आहे ते पूर्ण बाद करा. पुसायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरू नका, त्या वासानंच काही जणांची तलफ जागी होते. ओलसर फडक्यानं पुसा, उन्हात ठेवा. गुणांच्या वहीत मित्रांची नावं, कोण किती पेग हरला असलं काही लिहिलेलं असेल तर ती पानं काढून टाका. सोंगट्या मोजून पुऱ्या करा. एक हरवलेली सोंगटी म्हणजे तिथं भांडण. कॅरमबरोबर चांगला स्ट्रायकर द्या. पावडर बोरिकची असेल तर ती ऑफिसात ठेवा असं सांगा, ती पोटात जाता कामा नये. आणि प्रत्येक खेळाचे नियम एका कागदावर मराठीत लिहा, शेजारच्या कुणाकडून कन्नडमध्येही लिहून घ्या. एवढं केलंत तर तुमची खोकी तिथल्या कपाटात धूळ खात पडणार नाहीत. कॅटनसारखा खेळ नियमांच्या कागदाशिवाय कुणी उघडतसुद्धा नाही.

पावतीचंही सांगून ठेवते, कारण हा प्रश्न नेहमी येतो. वस्तू दिल्या तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला आहे. आणि देताना फोटो नको. बेळगाव एवढंसं. या गल्लीतला त्या गल्लीतल्याला ओळखतो. खोकी स्वीकारतानाच्या फोटोत मागं उभ्या असलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरत असेल, तो फोटो कुणाच्या स्टेटसला लागला तर काय होईल ते तुम्हाला कळतं. तुमच्या घरातलं माणूस त्या जागेतून गेलेलं आहे, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळतं.

आता त्यांच्याबद्दल.

ती खोकी त्यांची आहेत. त्यांना न विचारता ती घराबाहेर जाऊ नयेत. तुम्ही काळजीपोटी करताय हे मला दिसतं. पण व्यसनातून उठलेल्या माणसाच्या पाठीमागे घरात सगळे जण सारखे काही ना काही लपवत, हलवत, झाकत असतात आणि ते त्याला कळत असतं. पिण्याच्या दिवसांत तुम्हाला बाटल्या शोधाव्या लागल्या असतील, पैसे लपवावे लागले असतील. तेव्हा ते गरजेचं होतं. आज चौदा महिने झालेल्या माणसाला कपाट रिकामं झाल्यावर कळावं, हे बरोबर नाही. आठवण निघेल म्हणता, पण ते कपाट रोज त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आठवण त्यांना तुमच्याआधीपासून आहे.

शनिवारची संध्याकाळ टाळा. एखाद्या सुट्टीच्या सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, पोटभर खाल्लेलं असताना विषय काढा. सरळ बोला: हे खेळ केंद्राला द्यावेत असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं, यातलं काही ठेवायचंय का? ते म्हणाले, मला बघायचंच नाही, तूच काय ते कर, तर वाद न घालता एकट्यानं आवरा आणि काय कुठं दिलं ते त्यांना सांगा. ते गप्प झाले किंवा चिडले तर त्या दिवशी तिथंच थांबा. दसरा एवढा महत्त्वाचा नाही. आणि त्या दिवसांत अस्वस्थपणा वाढलेला वाटला तर त्यांच्या समुपदेशकाला फोन करा. ते हेच ऐकायला बसलेले असतात.

तिसरी शक्यता तुमच्या पत्रात नाही, पण मला तीच दिसते: त्यांना एखादा खेळ हवा असेल. ज्या माणसानं आवडीनं वीस खोकी जमवली त्याला खेळ खरंच आवडत होता. दारूनं त्यांच्याकडून मित्र नेले, शनिवार नेले, आता आवडीचा खेळही आपण दारूच्याच खात्यावर लिहून टाकायचा का? त्यांनी कॅटन किंवा तिकीट टू राइड बाजूला काढलं तर आनंदानं ठेवा. खोकं तेच राहिलं तरी वेळ, जागा आणि माणसं बदला. दुपारी चारला मांडा, दिवेलागणीच्या आत आवरा. भाचरं, शेजारचं जोडपं, वर्कशॉपमधला कुणी न पिणारा सहकारी, असे खेळायला बोलवा. बेंगळूरच्या मित्रांपैकी कुणी खरंच जिवाचा असेल तर तो चहावरही खेळेल, पण त्याला बोलवायचं की नाही हे त्यांनी ठरवावं आणि घाई करू नये. आपल्याकडे चोर्ला घाट उतरलं की गोवा, त्यामुळे ‘एक चक्कर मारून येऊ’ म्हणणारे शनिवारी नेहमीच असतात. घरात चार माणसं खेळायला येणार आहेत हे त्यांना सांगायला सोपं कारण होतं.

आणि ते स्वतःच म्हणाले की खोकी द्यायला मी येतो, शिकवतो, तर? त्यांना थांबवू नका, पण एकटं पाठवू नका, आणि आधी त्यांच्या समुपदेशकाशी बोलू द्या. बऱ्याच केंद्रांत जुने रुग्ण मदतीला येतात आणि नव्यांना त्यांचा फार आधार वाटतो. तिथं ते कॅटन शिकवायला आलेला माणूस म्हणून जाऊ देत. आपली कहाणी सांगायची की नाही, किती सांगायची, हे त्यांनी तिथं गेल्यावर ठरवावं. संस्थेच्या लोकांना तुम्ही आधी फोन करून ‘आमचे हे तुमच्यासारख्याच ठिकाणी होते’ असं सांगू नका.

तुमच्या भीतीबद्दलही एक सांगते. पत्रात दोन ओळींत ती आली आणि तुम्ही पुढं गेलात. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी वेगळे गट असतात, त्यांना अल-अनॉन म्हणतात. ते 1951 सालापासून चालत आलेत. जवळपास सभा नसेल तर फोनवर, ऑनलाइनही होतात. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन 14416 वर आहे, तिथं घरच्यांनाही बोलता येतं. चौदा महिने तुम्हीही त्या कपाटासमोरून रोज ये-जा केली आहे. खोकी बांधायला बसायच्या आधी एकदा कुणाशी तरी स्वतःसाठी बोला.